मौद्याचा निळा

तुमची स्टाईल कुठली? कपड्यांची नाही हो, घराची! फ्लॅटची किल्ली हातात पडली की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न चहूबाजूंनी अंगावर येतो. इंटिरिअरवाला विचारतो, ऑफिसातली मैत्रीण डबा खाता खाता विचारते, आणि रात्री अकरा वाजता मोबाईलवरची क्विझसुद्धा विचारते. समुद्र की डोंगर? लिनन की मखमल? अशा चार क्विझ सोडवल्यावर माझा रिझल्ट असा होता: एकीच्या मते मी बोहेमियन, दुसरीच्या मते इंडस्ट्रियल, तिसरीच्या मते स्कँडिनेव्हियन आणि चौथीच्या मते 'जपांडी', म्हणजे जपान अधिक स्कँडिनेव्हिया. आता बोला! आमचा टू बीएचके नागपूरच्या बेसा रोडला, हॉलची बाल्कनी पश्चिमेला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. स्वीडनमधली माणसं भिंती पांढऱ्याशुभ्र ठेवतात, कारण हिवाळ्यात मिळेल तेवढा उजेड त्यांना पुरवून वापरायचा असतो. नागपुरात उजेडाची टंचाई कुणी ऐकली आहे का?

नवऱ्याचं बरं होतं. त्याची स्टाईल एका शब्दात संपत होती: रिक्लायनर. तो आला आणि आमचा एक तृतीयांश हॉल त्यानं गिळला. उरलेल्या दोन तृतीयांशाचं काय करायचं, यावर मी महिनाभर चित्रं सेव्ह करत बसले होते. तेवढ्यात मौद्याहून मोठी आईचा फोन आला. (आमच्याकडे वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात.) "घर पाडून राह्यलो बाप्पा. तुले काही पाहिजे असंल त दिवाळीनंतर ये."

मौदा नागपूरपासून साधारण पस्तीस किलोमीटर, भंडारा रोडवर. हा रस्ता म्हणजे आपला जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याचा नंबर त्रेपन्न झालाय. सकाळी निघालात तर कारनं तासाभरात पोचता. भंडाऱ्याकडे जाणारी एसटीही चालते. संत्र्यांचा जिल्हा म्हणून डोक्यात जे चित्र असतं ते या बाजूला पुसून टाका. इकडे धान. दिवाळीनंतर गेलात तर कापणी चालू असते आणि हवेला पेंढ्याचा वास असतो. कन्हानचा पूल ओलांडला की मौदा. बाबा जुमदेवांच्या सेवकांचा आश्रम इथेच, त्यामुळे विदर्भातल्या गावागावांत हे नाव माहीत आहे. आणि एनटीपीसीच्या चिमण्या. २३२० मेगावॅटचं केंद्र आहे ते. गेली दहा-बारा वर्षं मौद्याची ओळख सांगताना लोक आधी चिमण्या सांगतात, मग नदी.

मोठी आईचं घर नदीच्या अंगाला. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे छपरी. छपरी म्हणजे बाकीच्या महाराष्ट्रातली ओसरी. (मुंबईकरांनी तो शब्द शिवी म्हणून वापरायला घेतला, त्याला आमचा इलाज नाही.) छपरीला लागून बसायचा मातीचा ओटा, आत एक लांब अंधारी खोली, तिच्यात धान ठेवायची बांबूची ढोली, भिंतीत देवळ्या आणि खुंट्या. आणि मधे काही नाही! हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. त्या घरात खोलीच्या मधोमध ठेवलेली एकही वस्तू नव्हती. बाज दिवसा भिंतीला उभी. सुपं, टोपल्या, कंदील, पिशव्या सगळं खुंटीवर. पाहुणे आले की सतरंजी, जेवायला बसले की पाट, झोपायची वेळ झाली की गाद्या. एका खोलीचा दिवसातून चार वेळा मेकओव्हर!

मी अर्थातच फोटो काढत सुटले. भिंतीचा, कडीचा, कवेलूतून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशाचा. मोठी आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "त्या भिताडाचा कायले फोटो काढून राह्यली वं? मागची भिंत कुठं गेली थे पाह्य पहिले."

मागे भिंत नव्हतीच. ताडपत्री होती. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागलं, आणि कन्हान, वैनगंगा दोन्ही पात्राबाहेर आल्या. मौदा, कामठी, कुही, पारशिवनी, सगळ्या तालुक्यांत गावं पाण्याखाली गेली. मोठी आईच्या घरात पाणी दोन दिवस राहिलं. मातीची भिंत उन्हात शंभर वर्षं उभी राहील. दोन दिवस पाण्यात बसली की खालून विरघळते. ढोलीतलं धान गेलं. तेव्हापासून ही बाई पावसाळ्यात रात्री धड झोपलेली नाही. आणि सुकाळातही या घराचं काम संपत नाही: आठवड्याला सारवण, दिवाळीला चुना, पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, वानरांनी फोडलेले बदलायचे. आता ते फेरणारे हातही गावात मिळत नाहीत. "एकडाव सारवून पाह्य," ती म्हणाली, "मंग सांग मातीचं घर किती मस्त."

तिच्या नव्या घराचा प्लॅन तयार होता. स्लॅब, व्हिट्रिफाइड टाइल्स, हॉलला गुलाबी रंग, टीव्हीमागे चमकणारा लॅमिनेटचा पॅनल. मी मनात जरा नाक मुरडलं, हे कबूल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिनं एकही क्विझ दिली नव्हती आणि तिला प्रत्येक गोष्ट का हवी ते माहीत होतं. टाइल्स का? ओलं फडकं फिरवलं की काम संपतं. जोतं तीन फूट उंच का? ते विचारायलाच नको. गुलाबी का? "साठ वर्ष दुसऱ्याच्या पसंतीचा रंग पाह्यला न!" चार वेळा स्टाईल ठरवून घेतलेल्या मला असं एका वाक्यात उत्तर देता आलं नसतं.

आणि विटा? करड्या. फ्लाय ॲशच्या. कोळसा जळून उरलेली वीजकेंद्रातली राख, तिच्यापासून केलेल्या. १९९९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपासच्या परिसरात बांधकामाच्या विटांमध्ये ही राख वापरायची. नंतर तो परिघ वाढवत नेला. कोराडी, खापरखेडा, मौदा ही तिन्ही केंद्रं नागपूरच्या उशाशी. म्हणजे तुम्ही नागपुरात नवा फ्लॅट घेतला असेल तर पुट्टीखाली बहुधा हीच राख आहे. आमच्याकडे तर नक्की आहे, मी ड्रिलच्या भुकटीचा रंग पाहिलाय. डिझाइनवाले 'लोकल मटेरिअल'चा एवढा गजर करतात, तर घ्या, आजच्या मौद्याचं लोकल मटेरिअल हे! तसं बघितलं तर ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणून डोळे मिटतो ते चपटं मंगलोरी कौल तरी कुठे आपलं? बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरात त्याचा कारखाना काढला. दीडशे वर्षांत ते आजीचं झालं. राखेची वीट आणखी साठ वर्षांनी कुणाच्या तरी मूडबोर्डावर येणारच.

आता मी काय घेतलं ते सांगते. चौकटीसकट सागवानी दार मला मिळू शकत होतं. जुनं सागवान उचलायला व्यापारी टपलेलेच असतात, पण मोठी आईनं माझ्यासाठी राखलं होतं. त्याचं काच लावलेलं सेंटर टेबल मी किती घरांत पाहिलंय! टेप काढून मोजलं, नवऱ्याला फोन केला, आणि मग खोलीच्या त्या रिकाम्या मध्याकडे पाहून नको म्हटलं. दार विकून तिच्या खिडक्यांचे पैसे निघाले. मी पितळेची एक गुंडी घेतली. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, तिथूनच लग्नात आलेली. बाकी मी फक्त मापं घेतली. ओट्याची उंची सव्वा फूट, रुंदी दोन फूट. खुंट्या जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे हात न ताणता पोचेल अशा. देवळी बसल्या माणसाच्या डोळ्यासमोर. उभ्या माणसाच्या नव्हे.

आणि भिंतीचा एक पोपडा. बोटाएवढा असेल. आडवा धरला तर आत थर दिसत होते: माती, पांढरी छुई, चुना, पिवळा, पुन्हा चुना, मग निळाच निळा. मोठी आईनं चष्मा लावला. "हा पिवळा तुह्या बाबाच्या लग्नाचा. बाकी दर दिवाळीले चुन्यात नीळ." नीळ चिमूटभर टाकली की चुना जास्त पांढरा दिसतो, आणि हात सैल सुटला की भिंत आकाशी होते. आमच्या आजीचा हात सैल होता. त्या घराचा निळा म्हणजे एका बाईचा हात! मातीच्या भिंतीला चुनाच का, तर तो भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो. ऑइलपेंट मारला असता तर वर्षात फोड आले असते.

मौद्याहून आल्यावर दोन शनिवारांनी पुण्याचे पाहुणे आले आणि त्यांना सेवाग्राम दाखवायला नेलं. मौद्याच्या उलट दिशेला, वर्ध्याजवळ, नागपूरहून पंचाहत्तर किलोमीटर. शाळेच्या सहलीत पाहिलेलं, पण घर म्हणून मी ते या वेळी पहिल्यांदा पाहिलं. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा अट घातली होती की घर आसपासच्या सामानातून आणि गावातल्याच माणसांच्या हातून व्हावं, खर्च कमीत कमी असावा. उभारणी पाहिली मीराबेननं. आज बापूकुटी म्हणून दाखवतात ती मुळात तिची स्वतःची झोपडी होती. आणि या ब्रिटिश ॲडमिरलच्या लेकीनं त्या मातीच्या भिंतींवर मातीनंच उठावाची ताडाची झाडं काढली, चरखा काढला, ॐ काढला. इतक्या कडक घरातही कुणाला तरी भिंत सजवावीशी वाटली आणि कुणी तिला थांबवलं नाही! १९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचे विचारवंत इथे येऊन बसले होते. त्यांनी भाषणात म्हटलं ते थोडक्यात असं की हल्लीची घरं माणसापेक्षा त्याच्या सामानासाठी बांधलेली असतात. मला लगेच आमचा हॉल आठवला.

मग आम्ही काय केलं? इंटिरिअरवाल्याला सोफा रद्द सांगितला. तो दोन दिवस फोन उचलत नव्हता. पश्चिमेच्या बाल्कनीला लागून, हॉलच्या भिंतीशी सव्वा फूट उंच आणि दोन फूट रुंद ओटा बांधून घेतला. राखेच्याच विटा, वर घोटीव लाल सिमेंट, त्यावर गाद्या. बाल्कनीला वाळ्याचा पडदा. उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावर पाणी मारायचं. मौद्याची दीड हात भिंत आपल्या सहा इंची भिंतीत येत नाही, हे मान्य करून टाकलं की बरं असतं, कूलर आहेच. एका भिंतीला ओळीनं खुंट्या. ऑफिसच्या बॅगा, हेल्मेट, हेडफोन, योगा मॅट सगळं तिथे. कपाटाचे पैसे वाचले ते वेगळंच. मध्य रिकामा. मागच्या महिन्यात तिथे चौदा जणांची पंगत बसली.

रंगाची गंमत राहिलीच. पेंटच्या दुकानात पोऱ्यानं जाडजूड शेडकार्ड पुढे केलं. निळ्याचेच शंभरेक चौकोन, प्रत्येकाला कवितेसारखं नाव. मी रुमालातला पोपडा काढला. त्यानं तो मशीनखाली ठेवला, स्क्रीनकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "मॅडम, यात तर चार निळे येऊन राह्यले. कोणता घेऊ?" वरचा घे म्हटलं. त्यानं डबा हलवला, झाकणावर मार्करनं 'मौदा' असं लिहिलं आणि फॉर्म्युला सेव्ह केला. कुणाला हवा असेल तर सांगा, दुकान दाखवीन. फक्त एक भिंत करा, चार केल्या तर शाळा वाटते.

मोठी आईची वास्तुशांत चैत्रात झाली. घर गुलाबी आहे, झगझगीत गुलाबी, आणि तीन फुटांच्या जोत्यावर दिमाखात उभं आहे. पुढे तिनं छपरीही ठेवलीय, टाइल्सची. आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिनं निळ्या भिंतीवरून हात फिरवला, ओट्यावर बसून पाहिलं आणि पाच मिनिटांत उठली. "माहे गुडघे नाही ऐकत वं आता." मग नवऱ्याच्या रिक्लायनरमध्ये जी बसली ती जेवायलाच उठली. कळ दाबली की पाय वर, कळ दाबली की पाय खाली. परत जायच्या दिवशी तिनं तो कुठे मिळतो आणि केवढ्याला पडतो, याची बारीक चौकशी केली.

रिक्लायनर आता मौद्यात आहे. नवरा अजून जरा घुश्श्यात असतो, पण ओट्याचा वाळ्याकडचा कोपरा त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलाय, आणि रविवारी दुपारी तिथून त्याला उठवून दाखवा!