वीस मीटर

माझ्या लेन्सच्या पोटाखाली ज्वारी असते. आईनं माझ्या जुन्या जीनचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, दोन किलो ज्वारी भरली आणि मग दुसरं तोंडही शिवून टाकलं. जिप्सीच्या दांडीवर किंवा होडीच्या काठावर ही पिशवी ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. दाणे जरा सरकतात, लेन्सच्या अंगाबरहुकूम खळगा करतात आणि तिला धरून ठेवतात. दुकानात याला बीन बॅग म्हणतात. कुणी त्यात तांदूळ भरतं, कुणी राजमा. आमच्या कोठीत ज्वारी होती, म्हणून ज्वारी.

पिशवीवर टेकते ती निकॉनची २००-५०० मिलिमीटर झूम लेन्स. प्राण्यापक्ष्यांसाठी, खेळाच्या फोटोंसाठी कुठली लेन्स घ्यावी, असं मला ओळखीचे लोक विचारतात. आकडे मी सांगतोच. पण हे आकडे मला कळायला लागले ते भिगवणच्या पाण्यात, एका नावाड्याच्या दोन वाक्यांनी.

सुरुवात २००९ ची. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. डी९० हा कॅमेरा घेतला आणि त्याच्यासोबत ७०-३०० लेन्स. पहिल्याच रविवारी बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, नुसतं माळरान आणि खुरटी झाडं. तिथं चिंकारे दिसले. डोळ्यांना स्पष्ट दिसत होते, अगदी शेपटीची चाळवाचाळवही. घरी येऊन संगणकावर पाहिलं, तर पिवळ्या गवतात एक तपकिरी ठिपका. तेव्हा वाटलं, आपण कमी पडलो, अजून जवळ जायला हवं होतं. पुढची काही वर्षं मी तेच करत राहिलो. वाकून चाललो, गवतात पोटावर सरकलो. चिंकारा मान वर करायचा, मी थांबायचो. तो चरायला लागला की मी पुन्हा दोन पावलं पुढं. शेवटचं पाऊल नेहमी जास्तीचं पडायचं आणि तो उधळायचा. मला ते हुकलेले फोटो वाटायचे. त्याचं हुकलेलं चरणं मी कधी मोजलं नाही.

मग २०१२ चा फेब्रुवारी. भिगवणकडच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, कुंभारगावाजवळ, सकाळी सातला होडीत बसलो. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यापलीकडं रोहित पक्ष्यांचा थवा, शंभरएक तरी असतील. हल्ली सगळे त्यांना फ्लेमिंगोच म्हणतात. अग्निपंख हे त्यांचं दुसरं नाव मात्र ते उडाल्याशिवाय कळत नाही. उभ्या पक्ष्याचा रंग पांढुरका, फिका. पंख उघडले की आतला गुलाबी लाल आणि कडेचा काळा एकदम पेटतो. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो, मलाही हवा होता. ३०० वर पक्षी लहान दिसत होते.

“मामा, अजून जरा पुढं घ्या.”

“उठतील ते, साहेब.”

“उठू द्या. उडतानाच चांगले दिसतात.”

मामांनी बांबू पाण्यात रोवला आणि होडी ढकलली. आधी एक मान वर झाली, मग सगळ्या माना, एकाच दिशेला. पक्षी चालायला लागले, मग भराभर चालायला लागले आणि मग पाण्यावरून धावत एकेक करून उचलले गेले. मी बोट दाबूनच ठेवलं होतं. थवा लांब जाऊन उतरला तेव्हा मामा म्हणाले, “सकाळधरनं तिसऱ्यांदा उठले. खायचं कधी त्यांनी?”

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता.

फोटो चांगला आला. घरी मोठा करून पाहिला तेव्हा पुढच्या पक्ष्याच्या पायांवरून चिखल निथळताना दिसला. त्याच्या मागचा पक्षी हवेत होता आणि चोचीतून अजून पाण्याची धार गळत होती. रोहित चोच उलटी धरून पाण्यात फिरवतो, पाणी गाळतो आणि त्यातलं बारीकसारीक खाणं ठेवून घेतो. त्याचा तो घास मी अर्ध्यावर मोडला होता. तो फोटो मी छापला नाही.

मराठीत आपण फोटो टिपतो म्हणतो. हा शब्द मी लहानपणी आजीच्या अंगणात ऐकला. वाळवणाच्या ज्वारीवर चिमण्या उतरायच्या, आम्ही हाकलायला धावायचो आणि आजी म्हणायची, “टिपू दे रे, चोचीला कितीसं लागतंय.” चिमणी एकेक दाणा उचलते, रास तशीच राहते. पण सावजही टिपतातच, बंदुकीनं. एकच शब्द चिमणीचा आणि शिकाऱ्याचाही. त्या सकाळी होडीत मी कुणाच्या बाजूला होतो, हे मला मामांच्या प्रश्नानं दाखवलं.

लांब पल्ल्याच्या लेन्सचा विचार मी त्यानंतर पहिल्यांदा नीट केला. हिशेब त्रैराशिकाचा आहे. ३०० मिलिमीटरनं ३० मीटरवरून पक्षी फोटोत जेवढा येतो, तेवढाच ५०० नं ५० मीटरवरून येतो. मला पक्षी मोठा नको होता, मला ते मधले वीस मीटर हवे होते. त्या वीस मीटरांत थव्याची मान खालीच राहते.

पण वीस मीटरांना वजन असतं. लेन्सचा एफ आकडा म्हणजे तिच्या नाभीय अंतराला, त्या मिलिमीटरच्या आकड्याला, आतल्या छिद्राच्या व्यासानं भागून येणारं उत्तर. ५०० ची लेन्स एफ ४ ची हवी तर ते छिद्र १२५ मिलिमीटरचं लागतं आणि एवढी मोठी काच वाहून न्यायची म्हणजे तीन-चार किलो. किंमत एखाद्या छोट्या चारचाकीएवढी. अशी एक एकाच मापाची लेन्स मी ताडोब्यासाठी भाड्यानं नेली होती. मोहर्लीच्या रस्त्यावर वाघीण समोरून चालत आली. आधी ती अख्खी मावली, मग नुसती मान, मग नुसते पट्टे. मागं गाड्या होत्या, जिप्सी हलणं शक्य नव्हतं आणि लेन्सला मागं येता येत नव्हतं. रानात प्राणी किती लांब राहील हे प्राणी ठरवतो. तेव्हाच ठरवलं की घ्यायची ती झूमच.

२०१३ च्या शेवटी टॅमरॉनची १५०-६०० आली. पुढच्या वर्षी सिग्मानं त्याच मापाच्या दोन काढल्या, एक १९३० ग्रॅमची आणि दुसरी, दणकट, २८६० ग्रॅमची. ऑगस्ट २०१५ मध्ये निकॉननं २००-५०० जाहीर केली, बैठकीसकट २३०० ग्रॅमची. ६०० चा मोह मोठा होता. पण त्या लेन्स शेवटच्या टोकाला एफ ६.३ वर येतात, म्हणजे एफ ५.६ च्या मानानं पाचव्या हिश्श्यानं उजेड कमी. माझं सगळं काम सूर्य उगवताना नाहीतर मावळताना. २००-५०० सगळीकडे ५.६ वर ठाम राहते. दुकानात मी चौघींनाही दहा-दहा मिनिटं हातात धरून उभा राहिलो. सातव्या मिनिटाला डावं मनगट जे सांगतं, ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. एक अडचण मात्र होती. या लेन्सचं छिद्र विजेवर उघडमीट करतं आणि माझ्या जुन्या डी९० ला ती भाषा येत नव्हती. आधी डी७२०० घेतला, वर्षभर पैसे साठवले आणि मग लेन्स घेतली.

तिनं पुढं मला खो-खोच्या मैदानावर नेलं. मुलगी शाळेच्या संघात होती. पहिल्या सामन्यात मी सवयीनं लेन्स ५०० वर लावून बसलो. तिनं खांबापाशी सूर मारला, समोरची मुलगी टिपली, टाळ्या पडल्या. रात्री फोटो पाहताना ती म्हणाली, “बाबा, माझा हात कुठंय?” फोटोत तिचं कोपर होतं, कान होता, वेणी होती. गडी टिपणारा हात चौकटीच्या बाहेर गेला होता. पुढच्या सामन्याला मी २०० वर आलो आणि ती जिकडं झेपावणार त्या बाजूला रिकामी जागा सोडायला शिकलो.

तिथंच दुसरं एक कळलं. लेन्समधली कंपन रोखणारी यंत्रणा फक्त माझा हात स्थिर करते, पळणाऱ्या मुलीला ती थांबवू शकत नाही. सूर स्पष्ट हवा तर सेकंदाचा हजारावा भाग लागतो आणि संध्याकाळी सहाला ५.६ वर तेवढा उजेड मिळत नाही. मग आयएसओ ३२०० वर न्यायचा आणि फोटोत उठणारे दाणे सोसायचे. फक्त खेळाचेच फोटो काढायचे असतील, तेही संध्याकाळी किंवा दिव्याखाली, तर ७०-२०० ची एफ २.८ वाली घ्यावी, ती चौपट उजेड घेते. मी हे विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो. एकच लेन्स रान आणि मैदान दोन्ही पूर्ण सांभाळत नाही. माझं मन रानाकडं झुकलेलं होतं, म्हणून मी मैदानावरचे दाणे पत्करले.

मुलीच्या मॅडम सरावात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, “आधी अंतर बघ, मग सूर मार.” मैदानाच्या कडेला बसून मी ते ऐकत असे, लेन्स मांडीवर घेऊन.

अंतराचीही एक हद्द असते, हे मला सुप्याच्या माळानंच पुन्हा शिकवलं. मार्चमध्ये सकाळी साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि लांबचा चिंकारा पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसतो. फोकस बरोबर असतं, काच स्वच्छ असते, तरी फोटो विरघळतो. मधली हवाच हलत असेल तर पाचशे काय आणि आठशे काय. अशा वेळी पूर्वी मी जवळ सरकलो असतो. आता लेन्स २०० वर आणून कुलूप लावतो, पिशवी खांद्यावर टाकतो आणि परत फिरतो.

मामांच्या होडीत मी अजून दर फेब्रुवारीत बसतो. होडी कुठं थांबवायची हे आता मी सांगत नाही, तेच थांबवतात आणि ती जागा बरोबर असते. पिशवी काठावर, तिच्यावर लेन्स, ५०० पर्यंत न्यायला मनगट दोनदा फिरवावं लागतं. समोर सगळ्या चोची पाण्यात. कधी तासभर काहीच घडत नाही. एखादा पक्षी एका पायावरून दुसऱ्या पायावर येतो, एखादा गोल फिरत पायानं चिखल ढवळतो. त्या ढवळण्यानं पाण्यावर उठलेलं वर्तुळ माझ्याकडं आहे, मोठं छापून घराच्या भिंतीवर लावलेलं. पंखांचा लाल रंग त्यात नाही. मागच्या खेपेला मामांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तसलेच फोटो पाहिले, बोटानं मागं-पुढं केले आणि म्हणाले, “खाताहेत निवांत.”

आता आरशाशिवायचे कॅमेरे आले आहेत आणि त्यांच्याबरोबर नव्या लेन्स. २०२३ मध्ये निकॉननं १८०-६०० काढली, वजनाला माझ्या लेन्सपेक्षा हलकी आणि झूम करताना नळी लांब न होणारी. पन्नाशी जवळ आली आहे, डावा खांदा संध्याकाळी बोलतो. मुलगी म्हणते, घ्या नवी. घेईनही कदाचित. तिच्यासाठीही दुकानात दहा मिनिटं उभा राहीन.

पिशवीतली ज्वारी मात्र दरवर्षी बदलावी लागते, पावसाळ्यानंतर तिला किडे होतात. आई उसवून काढते, नवी भरते, पुन्हा शिवते. हल्ली सुईत दोरा ओवायला मला बोलावते. जुनी ज्वारी आम्ही गच्चीवर पसरतो. यंदा मी तिथंच लेन्स घेऊन बसलो होतो. आधी दोन होले आले, मग चिमण्या. मी पुरेसा लांब बसलो होतो, पण त्या टिपत टिपत माझ्याकडेच सरकत आल्या, चार मीटर, तीन, दोन. ही लेन्स सव्वादोन मीटरच्या आतलं धरत नाही. चौकटीत एक तपकिरी ढग राहिला. मी लेन्स हळूच मांडीवर ठेवली आणि हललो नाही.