पैसा किती वर्षांचा?

सावित्रीला पूर येऊन गेला की आमच्याकडे लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची, धास्ती बसते. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडात घराघरांतला चिखल उपसणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटलेल्या मी पाहिल्या. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं शोधते आणि ती दिसायला ताप आल्यापासून पाच-सात दिवस जातात. औषध मात्र त्याआधी सुरू झालेलं बरं. म्हणून काचपट्टीवर केसाएवढ्या बारीक वाहिन्या, त्यांत रक्ताचा एक थेंब आणि जंतूचा डीएनए ओळखणारी चिप, हे काम मला करायचं होतं.

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले. पीएच.डी.चं घरी काढलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "शिकताना पैसं कोन देनार? आन् किती वर्सं?"

या प्रश्नाचं वजन महाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं कर्ज, एवढ्यावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती आली ती १९२७ मध्ये, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी.

म्हणून मी प्रत्येक जाहिरातीत आधी पैशाची ओळ वाचायची. नेट किंवा गेटमधून जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या वेगळ्या. नेदरलँड्समध्ये तर पीएच.डी. ही बहुधा चार वर्षांची पगारी नोकरीच असते. ट्वेंटे विद्यापीठात चिपवरच्या प्रयोगशाळांवर संशोधन करणारा गट आहे, बेल्जियममध्ये लूव्हेनला आयमेक ही चिप-संशोधन संस्था आहे. युरोपच्या मारी क्युरी योजनेतल्या पीएच.डी.च्या जागांची अट अशी, की गेल्या ३६ महिन्यांत जिथे जायचं त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. पोलादपूरहून थेट जाणाऱ्याला ती आडवी येत नाही.

आमच्या विषयाची खरी अडचण वेगळीच. तो दोन विभागांच्या बांधावर पडतो. पवईच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल आणि जैवविज्ञान, दोन्ही विभागांच्या जाहिराती पाहाव्या लागतात. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांना खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

पवईची आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएस्सी इथल्या नॅनो प्रयोगशाळा बाहेरच्या कॉलेजांतल्या मुलांनाही आयएनयूपी योजनेतून प्रशिक्षणासाठी घेतात. मीही अशा प्रशिक्षणाला गेले. अंगभर पांढरा झगा घालून स्वच्छ कक्षात पिवळ्या दिव्याखाली सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उमटताना पाहिली. पुढे मुलाखतीत गुणांपेक्षा त्या कामावरच जास्त प्रश्न आले. मुंबईतल्या एका प्रकल्पात मला जेआरएफ म्हणून घेतलं, पीएच.डी.ची नोंदणीही त्यातूनच झाली.

महाड-पोलादपूरच्या पोरांनो, प्राध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचून लिहा. आणि रुजू होण्याआधी विचारा, प्रकल्पाचा पैसा कधीपर्यंत आहे आणि तो संपल्यावर पुढे काय? हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.