आडव्या बाटलीचा हिशेब

आमच्या गावात देशी दारूचं दुकान आलं ते 2017 च्या उन्हाळ्यात. त्याआधी ते हायवेला होतं. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूचं दुकान नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. लहान गावांसाठी पुढे ते अंतर 220 मीटरवर आलं. निकाल अपघात टाळण्यासाठी होता आणि चांगलाच होता. पण हायवेवरची कितीतरी दुकानं बंद न होता नुसती आत सरकली. आमच्या वाट्याला आलेलं दुकान दूध डेअरीसमोर उभं राहिलं, शाळेपासूनचं अंतर नियमात बसेल इतपत राखून. ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला कधी दिला, हे विचारलं की प्रत्येक सदस्य दुसऱ्याचं नाव सांगायचा.

गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण दुकानदार अजून गावातच राहतो आणि त्याची पोरगी माझ्याकडेच ब्लाउज शिवायला टाकते. मी शिवणकाम करते आणि बचत गटाची सचिव आहे. दारू घरात काय करते ते आम्हाला आधी गटाच्या वहीत दिसलं. हप्ता चुकवणाऱ्यांमध्ये नेहमीच्या दोन-तीन नावांत भर पडत गेली. सोमवारी आठवड्याची मजुरी हातात पडलेली बाई मंगळवारी रिकाम्या हाताने मीटिंगला यायची. दारूविरुद्ध भाषणं पुष्कळ ऐकली होती, पण आकड्यांनी जे सांगितलं ते भाषणांनी सांगितलं नव्हतं.

मोर्चा, निवेदन, पेपरात फोटो, हे सगळं झालं. त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. साहेब पाणी विचारतात, निवेदन घेतात आणि आपण परत येतो. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदेला आटपाडीला जाऊन बसलेल्या बाई. ती परिषद 1993 पासून भरायला लागली, दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून. आत्तींना मोर्च्याचं कौतुक नव्हतं असं नाही, पण त्या म्हणाल्या, "मोर्च्याला कोण आलं ते दिसतंया. बाटलीच्या मतात कोण कुठं हाय, ते कुणाला दिसणार न्हाई. तिथं तुमची खरी परीक्षा."

बाटलीचं मत म्हणजे काय ते आधी सांगते. शासनाच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावं अशी ही सोय, आणि ज्याला कुणाला ती सुचली त्याला मी हात जोडते.

खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पडून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा यादीत 1000 बायका आहेत. त्यातल्या 520 मतदानाला आल्या, 490 जणींनी आडवी केली, 30 जणींनी उभी. तरी दुकान चालूच राहणार. कारण घरी बसलेली, परगावी असलेली, आजारी असलेली आणि मेलेलीसुद्धा, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. शेजारच्या एका गावात अगदी हेच झालं होतं. आडवी उभीच्या कितीतरी पुढे, आणि संध्याकाळी गुलाल उधळला तो दुकानाच्या दारात. तो गुलाल आम्ही एसटीतून पाहिला होता. म्हणून आमची चळवळ खऱ्या अर्थाने सुरू झाली ती मतदारयादीपासून.

सह्या गोळा करायला त्रास झाला नाही. पडताळणीला झाला. सरकारी माणसं आली, एकेकीला नाव घेऊन बोलावलं, ओळखपत्र पाहिलं, सही जुळवली. आदल्या रात्री बऱ्याच घरांत निरोप पोहोचले होते. कुणाच्या नवऱ्याला, "तुमच्या मालकिणीनं सही माघारी घ्यावी, बाकी आमचं बोलणं नाही." कुणाची उधारी होती, कुणाचा मुलगा दुकानदाराच्या भावकीतल्याकडे ट्रॅक्टरवर होता. काही सह्या गळाल्या. ज्या गळाल्या त्यांच्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी वाकडं बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं, कारण सही उघड असते आणि मत गुप्त. सही मागे घेणारी बाई मतपेटीपाशी आपलीच असू शकते. पुढे तसंच झालं असावं, असं माझं मन सांगतं.

मग यादी. मी, गटातल्या दोघी आणि अंगणवाडीच्या मदतनीस, आम्ही रोज दुपारी शिलाई मशीन बाजूला सारून याद्या पसरायचो. पेन्सिलीने खुणा. मयत. लग्न होऊन गेली. दोन ठिकाणी नाव. पुण्याला. आणि सगळ्यात जास्त खुणा 'गलाई'च्या.

खानापूर, आटपाडीकडचा वाचक इथे हसेल. बाकीच्यांसाठी सांगते. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा म्हणजे गलाई. आमच्या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून या धंद्यात बाहेर पडली, आणि आज सराफ बाजार असलेल्या मोठ्या शहरात विट्याकडचा, म्हणजे आमच्या भागातला, गलाईवाला नाही असं क्वचितच होतं. कोइमतूर, कोची, कोलकाता, लुधियाना. बायका-मुलं तिकडेच, पण घर इथं, जमीन इथं, कुलदैवत इथं आणि मतदारयादीतलं नावही इथंच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला दोन्ही पॅनेलवाले त्यांना गाड्या करून आणतात, येण्याजाण्याचं भाडं देतात. बाटलीच्या मतदानाला भाडं कोण देणार?

मयतांची नावं काढणं सोपं. नमुना 7 भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, द्यायचा. सोपं म्हणते खरी, पण कुणाच्या म्हाताऱ्या आईचं नाव यादीतून काढायला दाखला मागणं हे काम जिभेवर गोडवा ठेवूनच करावं लागतं. गलाईच्या बायकांची नावं मात्र काढायची नाहीत असं ठरलं. एकीने सुचवलं होतं, त्या इथे राहतच नाहीत म्हणून. पण गावात सुनेचं नाव यादीतून काढायला निघणं म्हणजे भावकीत आग लावणं, आणि त्यांचा गावावरचा हक्क ठरवणाऱ्या आम्ही कोण?

दारोदार फिरताना सगळ्याच 'हो ताई' म्हणाल्या असं नाही. एक विधवा बाई दुकानाजवळ उकडलेली अंडी आणि चणे-फुटाणे विकायची. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या बाटलीपायी माझी चूल आडवी व्हायची." तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी म्हणाली, "आज माझा मालक चालत जाऊन पिऊन चालत येतो. उद्या गाडी काढून पुढच्या गावाला गेला आणि रात्री कुठं ठोकला, तर तुमी येणार का?" ही भीती खोटी नाही. दारूबंदीच्या सभांमधून अशा बायका नेहमी वगळल्या जातात, व्यासपीठावरून गडचिरोलीचं नाव घेतलं जातं आणि टाळ्या पडतात. गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने 1993 मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली, ते मोठंच काम. पण चंद्रपूरला 2015 मध्ये झालेली बंदी 2021 मध्ये उठली, हेही त्याच सभेत सांगायला हवं. आम्ही सांगितलं. काही कार्यकर्त्यांना ते आवडलं नाही.

मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं. आम्ही अर्ज दिला, की आमची यात्रा चैत्रात असते, गलाईची घरं गावी येतात, तेव्हा तारीख यात्रेच्या आठवड्यात द्यावी. यात्रेला पोलिस बंदोबस्तात गुंतलेले असतात, म्हणून तो आठवडा मिळाला नाही. मिळाला यात्रेनंतरचा रविवार. आणि निम्म्या घरांची परतीची रिझर्वेशनं शुक्रवार-शनिवारची! मग यात्रेत पालखीमागे चालताना, नैवेद्याच्या रांगेत, पाळण्यापाशी आमचं एकच बोलणं: "आक्का, दोन दिवस थांबा." तिकीट रद्द केल्याचे पैसे गटाने भरावेत का, यावर मोठा वाद झाला. मी नको म्हटलं. पैसे दिले तर आपल्यात आणि पॅनेलवाल्यांत फरक काय राहिला? काही जणी थांबल्या, काही गेल्या. लुधियानाला राहणाऱ्या एका सुनेने नवऱ्याला आणि मुलांना पुढे पाठवलं आणि स्वतः थांबली. ती म्हणाली, "माझे वडील यातच गेले." तिच्या माहेरची ही गोष्ट गावाला ठाऊकही नव्हती.

मतदानाच्या दिवशी ऊन मरणाचं. द्राक्षबागांतली खरड छाटणी चालू होती, बागवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की बायकांना दोन तास सोडा. बहुतेकांनी सोडलं. दुपारपर्यंत यादीवर खुणा करून कुठल्या वस्तीवरच्या बायका आल्या नाहीत ते काढलं आणि तिकडे पोरी पिटाळल्या. हे कौशल्य आम्हाला राजकारणातल्या माणसांनीच शिकवलं होतं, म्हणजे इतकी वर्षं त्यांचं करताना बघून. आत्तींना खुर्चीवर बसवून उचलून नेलं. अंडी विकणारी बाई आली, माझ्याकडे न बघता आत गेली, बाहेर आली. तिने काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

मोजणीला दुकानदाराचे प्रतिनिधीही बसले होते. उभ्या बाटलीचा गठ्ठा पातळ होता, पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर, एकूण यादीच्या निम्म्यावर. आडवी बाटली त्या आकड्याच्या पुढे गेली, ती हातापायांच्या बोटांवर मोजता येईल एवढ्या मतांनी. त्या संख्येत थांबलेल्या गलाईच्या बायका होत्या, आणि खाली आलेल्या निम्म्याच्या आकड्यात आम्ही काढलेली मयतांची नावं. यातलं एक जरी नसतं, तरी बायकांनी तेवढ्याच निर्धाराने मत देऊनही दुकान चालू राहिलं असतं.

दुकान बंद झालं. पुढे काय झालं, तर डेअरीसमोरून पोरी संध्याकाळी निवांत जाऊ लागल्या, गटाचे हप्ते सुधारले. सगळे नाही. मोटारसायकलवरून पिशवीत क्वार्टर आणून दुप्पट भावाने विकणारे दोघे तयार झाले. त्यांच्या तक्रारी आम्ही करतो, अधूनमधून धाड पडते, पुन्हा सुरू होतं. ज्यांना सोडायची होती, त्यातल्या काहींना आम्ही पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. हे काम आधीच सुरू करायला हवं होतं, असं मी आता प्रत्येक गावाला सांगते. दुकान बंद करणं आणि पिणाऱ्याला सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पण माझं मुख्य भांडण नियमाशी आहे. सरपंच निवडून येतो तो पडलेल्या मतांवर. आमदार, खासदारही तसेच. यादीतल्या निम्म्या मतदारांनी मत दिलं नाही, म्हणून कुणाची खुर्ची काढून घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. मग दारूचं दुकान तेवढं इतकं मौल्यवान, की त्याला हलवायला यादीतली मेलेली बाईसुद्धा उठून यायला हवी? सह्यांची अट ठेवा, पडताळणी कडक करा, वाटल्यास किमान इतकं मतदान व्हायला हवं अशी अट घाला. पण निकाल पडलेल्या मतांवर द्या. दारूच्या महसुलावर चालणारं सरकार हे सहजी करणार नाही, म्हणून ही मागणी गावागावाच्या ग्रामसभेतून ठरावाने वर जायला हवी. आमचा ठराव झाला आहे.

तोवर तुमच्या गावात हा विषय निघालाच, तर घोषणा लिहायच्या आधी ताजी मतदारयादी आणा, मयतांचे दाखले गोळा करा, नमुना 7 वेळेत भरा, आणि बाहेरगावी असलेल्या प्रत्येक सुनेचा फोन नंबर वहीत उतरवून ठेवा.