नकाशावरचे पाणी

कल्याणहून धीम्या गाडीने मुंबईकडे निघालेला प्रवासी कळवा सोडताच खाडीवरील पुलावर येतो. क्षणभर चाकांचा नाद बदलतो, खाली गढूळ पाणी आणि काठाने तिवरांची हिरवी रांग दिसते. आणि लगेच ठाणे येते. तेवढ्या अवकाशात आपण एका बेटावर आलो, हे त्या गर्दीत फार थोड्यांच्या ध्यानात येते.

हे बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गावांवरून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. कल्याणवरून वाहत आलेल्या उल्हास नदीचे पाणी ठाण्याजवळ दोन वाटांनी जाते. एक वाट घोडबंदरावरून वसईकडे वळते. दुसरी ठाण्याच्या खाडीतून दक्षिणेस मुंबई बंदराकडे जाते. पश्चिमेस समुद्र आहे आणि दक्षिणेस माहीमची खाडी. आजच्या रस्त्यांच्या नकाशात हे बेट सहसा ओळखू येत नाही. जुन्या नकाशात मात्र ते पहिल्या दृष्टिक्षेपातच उठून दिसते.

याचे कारण उघड आहे. ते नकाशे काढणारे बहुधा समुद्रावरून येत. १५३८-३९ साली दों जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्याहून दीवपर्यंत गेला. वाटेतील किनाऱ्याचे त्याने बारकाईने वर्णन लिहिले व बंदरांची चित्रे रेखाटली. अशा लोकांना डोंगरांपेक्षा पाण्याची चिंता अधिक. दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडीत, किती वाव दोरी आत गेली ते मोजीत आणि तो आकडा नकाशावरील समुद्रात लिहीत. गावांची नावे मात्र त्यांनी आपल्या कानांना जशी ऐकू आली तशी लिहिली. ठाण्याचे 'ताना' झाले, वसईचे 'बासाईं' झाले आणि साष्टीचे 'साल्सेत'!

या पाण्यासाठी राज्ये झगडली. कारण कल्याणच्या प्राचीन बंदराकडे जाणारी गलबते याच खाड्यांतून जात. १५३४ साली साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले व १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पुढे १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांच्या हाती पडले.

मग पाण्यावरून वाटा झाल्या. लेडी जमशेटजी यांच्या दानातून १८४५ साली माहीमच्या खाडीवर रस्ता झाला. १८५३ साली आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. नावाड्याचे काम कमी झाले. खाजणांवर भराव पडले, त्यांवर घरे उभी राहिली, आणि नव्या नकाशांवरून पाण्याच्या लहान लहान वाटा एकेक करून पुसल्या गेल्या.

परंतु पाणी नकाशा पाहून वाहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईचे सखल भाग बुडाले. इकडे उल्हास नदीला पूर येऊन कल्याण-बदलापूर भागातही घराघरांत पाणी शिरले. पाणी जणू आपल्या जुन्या जागा शोधीत आले होते.

खाडीकाठच्या कोळ्याला हे शिकवावे लागत नाही. तिथीवरून तो भरती-ओहोटीची वेळ सांगतो. त्याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. इतरांना ही जाण उशिरा आली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. जुन्या नकाशावरील निळ्या रंगाचा तेवढा तुकडा तरी राखला गेला.

एखाद्या मुलाने आपल्या घराची जागा जुन्या नकाशावर शोधली, तर तेथे कदाचित त्याला पाणी दिसेल. आज तेथे घर उभे आहे, ही मनुष्याची करामत खरी. पण त्या जागी पूर्वी पाणी होते, याचा विसर पडणे शहाणपणाचे नव्हे.