दोन पणत्या

आमच्या मुळशीच्या डोंगरातली मुले इतिहास म्हटला की गड मोजू लागतात. मी त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरूर तालुक्यातल्या इनामगावाची गोष्ट सांगतो. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. कुडाच्या भिंती, चुली, धान्याची पेवे. आणि घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन-दोन मडकी. त्यांत तान्ही मुले!

गेलेले लेकरूही त्या आईला घराबाहेर ठेववले नाही. पुढे पाऊसपाणी घटले असावे, असे संशोधक सांगतात. गाव उठले. लेकरू तेवढे तिथेच राहिले.

माझी पणजीही अशीच उठली. १९२१ साली इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले; तरी धरण झालेच. अंगणाच्या कडेला पुरलेले तिचे पहिले मूल पाण्याखाली गेले.

दिवाळीत आमच्याकडे एक पणती धरणाच्या दिशेला तोंड करून लावतात. पणजीनेच घालून दिलेली रीत. तिच्या शेजारी अलीकडे मी दुसरी लावतो, इनामगावच्या त्या आईची.