टोकन घेण्याआधी

टाकवे बुद्रुक, आंदर मावळ
दिवाळीनंतर

चि. सौ. बायडीस,


तुझा फोन आला तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती, चार माणसं भोवती होती, म्हणून "लिहून कळवतो" एवढंच म्हणालो. आपल्या डोंगरउतारावरच्या वरकसासाठी पुण्याची पार्टी आली आहे आणि एजंट तुझ्या घरापर्यंत पोचला. "दादांची काही हरकत नाही, तुमची सही तेवढी द्या, टोकन आजच देतो," असं तो तुला म्हणाला. माझी हरकत आहे की नाही, हे त्यानं मला अजून विचारलेलं नाही. थोरलीकडेही तो जाऊन आला असेल आणि तुझी हरकत नाही असं तिला सांगून आला असेल.

विकायचंच नाही असा माझा हट्ट नाही. थोरलीच्या घरी आजारपण आहे, तुझ्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर आहे. वरकसावर नाचणी-वरई पेरणं आपण कधीच सोडलं. गरजेला जमीन विकणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण कशी विकायची यावर मला पुष्कळ सांगायचं आहे.

आधी तुझ्या सहीचं. आबांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा तुम्हा दोघी बहिणींची नावं लागली, ती आजही सातबाऱ्यावर आहेत. आपल्याकडे बहिणीनं हक्कसोडपत्र लिहून द्यायचं आणि भावानं साडीचोळी करायची, हा रिवाज इतका मुरला आहे की एजंट लोक तो गृहीत धरूनच येतात. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. पुढे केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली आणि तो भेद गेला. आबा त्याआधीच वारले म्हणून तुमचा हक्क लागत नाही असं गावात काही जण म्हणायचे. तेही सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात मिटवलं. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. आपल्यात कधी नोंदणी करून वाटप झालेलं नाही. तेव्हा तिघांचे हिस्से सारखे. विकलं तर तिघांच्या खात्यात सारखे पैसे आले पाहिजेत आणि तेही खरेदीखत लिहिलं जाईल त्याच दिवशी. मला साडीचोळीवर सही नको.

आता कशी विकायची याचं; त्यासाठी आबांकडे येतो. त्यांना बैल विकताना तू पाहिलं नाहीस, बायकापोरींना त्या बाजारात कोणी नेत नसे. चाकणचा बाजार शनिवारचा. आबा आदल्या दिवशीच जोडी घेऊन निघायचे, टाकव्यावरून तळेगाव, तिथून इंदुरीच्या वाटेनं चाकण. शाळेला सुट्टी असली की मीही मागून चालायचो. बाजारात पोचल्यावर बैल बांधायचे, पेंढी टाकायची आणि गप्प बसायचं. गिऱ्हाईक येई ते आधी दात बघे. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पालटले की दुसा, चार पालटले की चौसा, आणि सगळे आले की जुळलेला. मग खांद्यावरून हात फिरवून जुवाचा घट्टा पाही, खुरं उचलून पाही, बैल चालवून बघे, मागून येऊन पाठीवर अचानक थाप मारून तो बुजतो का ते बघे. हे सगळं दिवसाढवळ्या, शंभर माणसांदेखत. भाव तेवढा टॉवेलाखाली. दोघांचे हात टॉवेलाआड जायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि आजूबाजूचे चेहऱ्यावरून अंदाज बांधायचे. हेडी, म्हणजे दलाल, मध्ये असला तरी जनावर पाहायचा वेळ गिऱ्हाइकाचा, त्यात त्याची घाई चालत नसे. सौदा ठरला की बाजार समितीची पावती व्हायची, तिच्यावर बैलाचं वर्णन आणि दोघांची नावं.

आबांची एक रीत होती. बैलाला खोड असेल तर ती स्वतः सांगायची. एक बैल चिखलणीच्या दिवसांत मधेच बसायचा. पाळीत चालता चालता गुडघे टेकायचा आणि शेपूट पिळली तरी उठायचा नाही. आबांनी खेडच्या एका शेतकऱ्याला हे आधी सांगितलं आणि भाव खाली आला. घरी येताना चुलते चिडले होते. आबा म्हणाले, "उद्या भर आषाढात त्याचा नांगर उभा राहील आणि तो माझं नाव घेईल." त्याच शेतकऱ्यानं पुढे आपल्याकडूनच दुसरा गोऱ्हा नेला, बाजारात न जाता, थेट गोठ्यातून.

जमिनीच्या बाजारात मला याच्या बरोबर उलटं दिसतं. भाव चौकात सगळे बोलतात, टाकव्याच्या चहाच्या टपरीवर बसलं की कोणत्या गटाला गुंठ्याला काय निघालं ते कानावर येतं. पण माल कोणी बघत नाही. काचा वर केलेली गाडी बांधावर येते, मोबाइलवर नकाशा उघडतात, बोट दाखवून "इथून तिथपर्यंत" म्हणतात. गटाची हद्द मोजलेली नसते, इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते वाचलेलं नसतं. गिऱ्हाईक येतं तेही श्रावणात, डोंगर हिरवेगार असताना, कड्यावरून धबधबे पडत असताना. वैशाखात तिथे प्यायच्या पाण्यासाठी लोकांची किती पायपीट होते ते त्याला कोण सांगणार?

आपल्या वरकसाला खोड्या आहेत, बायडी, आणि त्या आपण सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे वाट. ठाकरवाडीची माणसं झऱ्यावर जातात ती आपल्या वरकसातून. आबांच्या आधीपासून जातात, कोणी कधी अडवलं नाही, आणि म्हणूनच कोणी कधी कागदावर लिहिलंही नाही. विकत घेणारा पहिलं काम करतो ते तारेच्या कुंपणाचं. मामलेदार न्यायालयाचा 1906 चा कायदा आहे, अडवलेली वहिवाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतो. पण त्यासाठी अर्ज, तारखा, वडगावच्या फेऱ्या, आणि दिवसाची मजुरी बुडवून त्या कोण करणार? चार घरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या वाटेनं जातील, एवढंच होईल. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तिथेच ही वाट लिहायची, किती फूट रुंद आणि कुठून कुठवर, हे नकाशासह. गिऱ्हाइकाला ते नको असेल तर तो आपला गिऱ्हाईक नव्हे. भाव कमी झाला तर होऊ दे. तुम्हा दोघींना हे पटत नसेल तर मोकळेपणी सांगा, पण मी यावर अडून बसणार आहे.

दुसरी खोड उताराची. फार्महाऊसवाले उतार कापून सपाटी करतात. आपल्या वरकसाचं पाणी खाली आपल्याच खाचरांत उतरतं. वर मुरूम मोकळा झाला की पहिल्या मोठ्या पावसात तो खाचरात येऊन बसेल. शिवाय ज्यानं घर बांधलं त्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. माळीण आपल्यापासून किती लांब? उत्तरेला शेजारच्या तालुक्यापलीकडे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली. प्रत्येक उतार माळीण होत नाही हे मला कळतं. पण पावसाळ्यात त्या कोपऱ्यात महिनाभर पाणी पाझरतं आणि पाय रुततो, हे आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. माहीत असून न सांगणं मला जमणार नाही.

आता व्यवहाराची पद्धत. एजंट म्हणतो, विसार घ्या, नोटरीवर साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र लिहून द्या, पुढचं आम्ही बघतो. यातलं कुलमुखत्यारपत्र अजिबात नको. एकदा ते हातात गेलं की तुझ्या नावाची जमीन दुसरा माणूस तिसऱ्याला विकतो आणि तुला कळत नाही. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, मालकी जाते नोंदणी केलेल्या खरेदीखतानं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलं आहे. तरी आपल्या भागात तो कागद सर्रास चालतो, कारण मधल्यांना त्याच कागदावर दोन-तीनदा हात बदलून भाव चढवता येतो. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून नोटरीवर विकण्याचा धंदाही तसाच. त्यात घेणारा बहुतेक वेळा पिंपरी-चिंचवडचा कामगार असतो, आयुष्याची पुंजी घालतो आणि त्याचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही. आपल्या जमिनीवर तसं प्लॉटिंग व्हायला नको.

गिऱ्हाईक शेतकरी आहे का, हेही बघायचं. 1948 च्या कूळ कायद्यातल्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर परवानगी लागते. "दाखल्याचं बघून घेऊ" असं एजंट म्हणाला तर तिथेच थांबायचं. खरेदी झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. त्या काळात गावातल्या कुणालाही काही म्हणायचं असेल तर म्हणू दे.

भावाबद्दल एकच सांगतो. आजीच्या माहेरची खाचरं ठोकरवाडीच्या पाण्याखाली गेली. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीनं धरण बांधलं, 1922 मध्ये खाली भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. त्या वेळी भाव सरकारी कचेरीत ठरला आणि विकायचं की नाही हा प्रश्नच कुणी विचारला नाही. आज निदान नाही म्हणायचा हक्क आपल्याकडे आहे. एक्स्प्रेस-वे 2002 मध्ये पुरा झाल्यापासून मुंबईचा माणूस कान्ह्याच्या फाट्यावर सकाळच्या चहाला पोचतो, तळेगाव-चाकणात कारखाने आहेत, त्यामुळे उद्याही गिऱ्हाईक येणारच आहे. "आज टोकन घ्या, उद्या पार्टी जाईल" हे त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि चहा पाजून पाठवायचं.

आणि खाचरांचा विषय मात्र कुणी काढू नये. वरकस वेगळं आणि खाचर वेगळं. इंद्रायणी भात वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालं, 1987 मध्ये ते शेतकऱ्यांना दिलं गेलं, आणि त्यानंतर आपल्या खोऱ्याला दारात बसून विकता येईल असा माल मिळाला. यंदाही पुण्याची तीन-चार घरं तांदूळ नेण्यासाठी थेट खळ्यावर येणार आहेत. व्यापाऱ्याकडे भात घातलं तर ओलाव्याच्या नावानं कापतो. घरी भरडून तांदूळ विकला की चार पैसे राहतात. तुझ्या सोसायटीतल्या बायकांनी मागितला होता तो मी वेगळा काढून ठेवतो.

आबा जुनी जोडी विकून त्यात भर घालायचे आणि त्याच बाजारातून तरणी जोडी घेऊन परतायचे. शनिवारी दावं रिकामं झालं तरी रविवारी गोठा भरलेला असे. आता तोही बाजार पुष्कळ बदलला. म्हातारा बैल कत्तलीसाठी विकायची वाट 2015 च्या मार्चपासून कायद्यानं बंद झाली, चिखलणी पॉवर टिलरनं होते, आणि 2023 च्या मे महिन्यात शर्यतींना न्यायालयानं कायमची मोकळीक दिल्यावर चांगल्या खोंडाला येणारा भाव ऐकून आबांनी कपाळाला हात लावला असता. 1 जून 2024 पासून कानात बारा आकडी बिल्ला नसेल तर जनावर विकताच येत नाही. पण एक बैल गेला की दुसरा घेता येतो, हे अजून तसंच आहे. वरकस विकून आलेल्या पैशात या खोऱ्यात तेवढी जमीन पुन्हा मिळणार नाही. म्हणून मला वाटतं, गरज किती आहे ती तिघांनी बसून मांडावी आणि तेवढंच क्षेत्र काढावं; झऱ्याकडचा तुकडा ठेवावा. थोरलीच्या औषधपाण्याला लागेल तेवढं आधी, मग तुझ्या मुलाच्या फीचं. माझी निकड कमी आहे, पेन्शन चालू आहे.

मी वडगावला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करतो आहे. नियमित मोजणी मागितली तर वेळ लागतो, द्रुतगती मोजणीची फी भरतो. तारीख आली की कळवीन. त्या दिवशी तुम्ही दोघी या, पाहुण्यांनाही आणा. सगळ्या हद्दीवरून चालू, खुणा कुठे पडतात ते बघू. ठाकरवाडीतल्या दोन जाणत्या माणसांना मी बोलावलं आहे, वाट त्यांनीच दाखवलेली बरी. लगतच्या गटाचे मालकही येतील. एजंटालाही त्याच दिवशी बोलावतो; त्याला आणि त्याच्या पार्टीला जे विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारू दे. शिवाय त्यांनी उन्हाळ्यात एकदा परत येऊन जमीन बघावी, तोपर्यंत विसार घेणार नाही, हे मी त्याला सांगून ठेवतो.

तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस. कोरा कागद असेल, आधारची झेरॉक्स मागितली असेल, ओटीपी विचारला असेल तरी नको. येताना आबांची जुन्या फेरफारांची पोतडी तुझ्याकडे आहे ती घेऊन ये, त्यात 1957 नंतरच्या कुळाच्या नोंदी आहेत, वकिलाला दाखवायच्या आहेत.

पाहुण्यांना रामराम, मुलांना आशीर्वाद. थोरलीला मी स्वतंत्र लिहितो, पण तूही फोन कर.

तुझा,
दादा