लव्हाळ्यांची पेटी

परमेश्वरानें मातेच्या हृदयांत प्रेम घातलें, तेव्हां त्याच्या शेजारींच भयालाहि जागा दिली असावी. मूल पाळण्यांत असतें तोंवर त्याच्या श्वासाचें भय. तें चालूं लागलें कीं जिन्याचें, विहिरीचें व रस्त्याचें भय. शाळेंत जाऊं लागलें कीं संगतीचें व परीक्षेचें भय. आणि मोठें होऊन परगांवीं गेलें म्हणजे न आलेल्या फोनचें भय. मूल वाढतें, पण भय कांहीं लहान होत नाहीं. तें केवळ आपलें रूप पालटतें. निकालाच्या दिवशीं शाळेच्या फाटकाशीं उभ्या असलेल्या मातांचे चेहरे आम्हीं पुष्कळ वर्षें पाहिले आहेत. मुलांच्या मुद्रेवर उत्सुकता असते. मातांच्या मुद्रेवर त्या दिवसाच्या पलीकडील कसली तरी काळजी असते. पुढील वर्षाची फी कशी भरावी, घरच्या माणसाची नोकरी टिकेल काय, दवाखान्यांतून काय उत्तर येईल, हे प्रश्न पदराआड घेऊन त्या उभ्या असतात. अशा मातांसाठीं, व त्यांच्या मुलांसाठींहि, हे चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचे सर्वच वाचक ख्रिस्ती आहेत असें नाहीं. परंतु मातेचें भय धर्माची सीमा ओळखीत नाहीं. आणि आम्हांस जो आधार पवित्र शास्त्रांत सांपडला, तो ऐकतांना कोणासहि परकें वाटूं नये अशी आमची इच्छा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. "मला भय वाटतें, म्हणजे माझी श्रद्धाच कच्ची," अशी रुखरुख कित्येक भाविक मातांच्या मनाला लागून राहते, आणि मूळच्या भयावर तिचें आणखी एक ओझें चढतें. परंतु प्रभु येशूच्या मातेची कथा पाहा. वल्हांडण सणाहून परत येतांना बारा वर्षांचा येशू बरोबर नाहीं असें मरीयेच्या ध्यानांत आलें. तिनें व योसेफानें नातलगांत व ओळखीच्या लोकांत शोध केला, मग पुन्हां यरुशलेमची वाट धरली, आणि तीन दिवसांनंतर तो त्यांस मंदिरांत सांपडला. आपण किती कष्टी होऊन त्याला धुंडीत होतों, हें मरीयेनें त्याला उघड बोलून दाखविलें. जिला देवदूतानें स्वतः येऊन वचन दिलें होतें, त्या मातेलाहि मुलाच्या काळजीनें ग्रासलें. आणि शास्त्रानें तें झांकून ठेविलें नाहीं. मग आजच्या मातेनें आपल्या भयाची लाज कां बाळगावी?

दुसरी माता ह्याहून पुरातन आहे. मिसर देशांत फारो राजानें आज्ञा केली होती कीं, इब्री लोकांस जो मुलगा होईल तो नदींत टाकावा. त्या दिवसांत एका लेवी घराण्यांतील स्त्रीला पुत्र झाला. तिनें तीन महिने त्याला लपवून ठेविलें. पुढें लपविणें अशक्य झालें, तेव्हां तिनें लव्हाळ्यांची एक पेटी घेतली, तिला डांबर व राळ लाविली, आणि मुलाला आंत निजवून ती पेटी नदीच्या कांठच्या लव्हाळ्यांत ठेविली. निर्गमाच्या पुस्तकांतील त्या अध्यायांत तिचें नांवहि दिलेलें नाहीं. योखबेद हें नांव पुढें सहाव्या अध्यायांत येतें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानें त्या मातापितरांच्या मूल लपविण्याची गणना विश्वासाच्या कृत्यांत केली आहे.

ह्या कथेंतील डांबराकडे आमचें लक्ष वारंवार जातें. योखबेदेचा देवावर भाव होता, म्हणून तिनें पेटीच्या फटी तशाच सोडल्या नाहींत. तिच्या बोटांस जेवढें करतां येण्यासारखें होतें, तेवढें तिनें केलें. नदी तिच्या हातीं नव्हती, राजाची तरवार तिच्या हातीं नव्हती. फटी तिच्या हातीं होत्या. भय मनांत नुसतें फिरत राहिलें तर तें माणसाला खातें. त्याला एखादें काम दिलें कीं तें निमूटपणें राबूं लागतें.

आजच्या मातेनें आपलें डांबर ओळखावें. तान्ह्या मुलास वेळेवर लस टोंचून घेणें हें डांबरच आहे. ज्या देवीच्या रोगानें पिढ्यान् पिढ्या घरें ओस पाडलीं, तो जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूची बाधा झालेला अखेरचा रुग्ण आपल्या देशांत २०११ सालीं आढळला, व २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. हगवणीनें कोमेजलेल्या रोग्याला साखर व मीठ योग्य प्रमाणांत घातलेलें पाणी पाजल्यानें प्राण वांचतो, हें डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं १९७१ सालीं बनगांव येथें बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांची सेवा करतांना दाखवून दिलें. हीं सर्व साधनें देवाच्याच भांडारांतील आहेत. तीं नाकारणें म्हणजे श्रद्धा नव्हे. तसेंच, भयामुळें जिची झोंप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, अन्न गोड लागत नाहीं, मूल जवळ घ्यावेंसें वाटत नाहीं, तिनें वैद्याकडे जाण्यास संकोच करूं नये. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली 'टेली मानस' ही फोनसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मिळते. ताप आल्यास आपण औषध घेतों. मनाच्या तापासहि औषध घेण्यांत कमीपणा कसला?

श्रद्धा व डांबर एका हातीं कसें नांदतें, हें आम्हीं आमच्या घरींच पाहिलें. १९८२ सालच्या जानेवारींत मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. आमचे वडील त्यांतील एक. आम्ही त्या वेळीं भायखळ्यास चाळींतील एका खोलींत राहत होतों. आम्ही भावंडें तिघें. चार-आठ दिवसांत सर्व कांहीं मिटेल असें लोक म्हणत. दिवसांचे महिने झाले, पावसाळा आला व गेला, आणि संप रीतसर मिटल्याचें कोणी कधीं सांगितलेंच नाहीं. शेजारचे कित्येक गडी कोंकणांत व घाटावर आपापल्या गांवीं निघून गेले; त्यांस जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बायांच्या चुली थंडावल्या. आमच्या आईनें साड्यांना फॉल लावण्याचें काम धरलें. रोज रात्रीं ती वहींत हिशेब लिही आणि वही मिटली कीं प्रार्थनेस बसे. आधीं हिशेब व मग प्रार्थना, हा क्रम तिनें कधीं बदलला नाहीं. थोरल्या बहिणीनें एकदां कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "देवापुढें बसायचें तर आपल्याजवळ काय आहे नि काय नाहीं, तें आपल्याला ठाऊक असावं, बाळ."

तिच्या प्रार्थनेंत पुढील वर्षाचा विषय नसे. ती उद्यांपुरतें मागे. प्रभूनें शिष्यांस प्रार्थना शिकविली तींत भाकर मागितली आहे ती एकाच दिवसाची, ह्याचा अर्थ आम्हांस त्या खोलींत कळला. वर्षाचें भय एका रात्रीं उचलूं गेल्यास पाठ मोडते. एका दिवसाचें भय एका दिवसाच्या बळानें उचलतां येतें. मुलांपासून तिनें घरची स्थिति लपविली नाहीं. "आज डाळ नाहीं, भात आहे," असें ती सरळ सांगे. लपविलेल्या गोष्टीचें भय मुलांस अधिक वाटतें, हें ती न शिकतांहि जाणत होती. एकदां मध्यरात्रीं ती मोरीपाशीं बसून रडतांना आम्हांस दिसली. सकाळीं ती नेहमींप्रमाणें उठली व तिनें चहा ठेविला. त्या रडण्यानें तिची श्रद्धा उणी झाली असें आम्हांस तेव्हां वाटलें नाहीं, आणि आजहि वाटत नाहीं.

वडिलांस गिरणीनें परत बोलाविलें नाहीं. १९८४ सालीं त्यांस रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी लागली. पगार पूर्वीच्या निम्मा होता. आईनें जें मागितलें तें जसेंच्या तसें मिळालें, असें म्हणणें खोटें होईल. पण त्या दोन वर्षांत आमची शाळा सुटली नाहीं, आणि घरांतील बोलणें कडू झालें नाहीं. आज मागें पाहतांना ह्या दोन देणग्यांचें मोल आम्हांस कळतें.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो, व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. देवावर भरंवसा ठेवणाऱ्या मातेचें मूल नेहमीं वांचतें काय? पंडिता रमाबाईंचें चरित्र ह्याचें उत्तर देतें. १८८२ सालीं त्यांचे पति वारले, तेव्हां त्यांची कन्या मनोरमा वर्षाचीहि झाली नव्हती. मातापिता दुष्काळांत पूर्वींच गेले होते. ती तरुण विधवा तान्ही मुलगी घेऊन महाराष्ट्रांत आली, १८८३ सालीं इंग्लंडास गेली, पुढें अमेरिकेस गेली, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन स्थापून असहाय स्त्रियांचें माहेर झाली. केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों मुलींस तिनें आसरा दिला. मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कार्याचा उजवा हात बनल्या. आणि १९२१ सालीं त्या आईच्या आधींच देवाघरीं गेल्या. वृद्ध माता मागें राहिली. पुढील वर्षाच्या एप्रिलांत रमाबाईंचाहि अंत झाला. तोंवर शास्त्राच्या मराठी भाषांतराचें आपलें काम त्यांनीं सोडलें नाहीं. श्रद्धा हा देवाशीं केलेला सौदा असता, तर त्या दिवशीं तो मोडला असता. ती सोबत होती, म्हणून टिकली. मातेनें "माझें मूल सुरक्षित ठेव" असें अवश्य मागावें. आणि त्याबरोबरच "काय वाटेल तें झालें तरी मला एकटी सोडूं नको" असेंहि मागावें.

ही सोबत पुष्कळदां माणसांच्या रूपानेंच येते. हागार आपल्या मुलासह बैर-शेबाच्या रानांत भटकत होती. मसकेंतील पाणी संपलें, तेव्हां तिनें मुलाला झुडपाखालीं ठेविलें, व त्याचें मरण दिसूं नये म्हणून ती दूर जाऊन बसली. देवानें तिचे डोळे उघडले, आणि तिला पाण्याची विहीर दिसली. भयानें डोळे झांकले असतां जवळचें पाणीहि दिसत नाहीं. भय वाटणाऱ्या मातेनें म्हणून दूर एकटें बसूं नये. शेजारीण, सासू, नणंद, मुलाच्या वर्गशिक्षिका, मंडळींतील भगिनी, ह्यांपैकीं एकीला तरी आपली गोष्ट सांगावी. मोशेच्या पेटीजवळ साहाय्य आलें तें कोणाच्या घरून? खुद्द फारोच्या राजवाड्यांतून. परक्या धर्माच्या एका राजकन्येच्या हातून. देवाची मदत कोणत्या दारानें येईल, तें आपण आधींच ठरवूं नये.

आतां दोन शब्द आमच्या विद्यार्थ्यांस. पेटी नदींत ठेविल्यावर दूर उभी राहून तिच्यावर लक्ष ठेवणारी एक मुलगी त्या कथेंत आहे. ती त्या बाळाची बहीण. राजकन्येनें मूल उचलतांच ती धीटपणें पुढें झाली, दाई आणण्याविषयीं तिनें विचारलें, आणि आपल्या आईलाच बोलावून आणलें. अशा रीतीनें योखबेदेला स्वतःचें बाळ पाजण्याचें वेतन राजवाड्यांतून मिळालें. ती मुलगी तुमच्याएवढी असेल. मुलांनो व मुलींनो, तुमची आई रात्रीं जागी असते, तेव्हां तिला काय हवें आहे तें एकदां विचारा. उशीर होणार असेल तर कळवा. गुण कमी पडले असतील तर घरीं खरें सांगा. बाजाराची यादी किंवा हिशेबाची वही तिच्या हातून आपल्या हातीं घ्या. आईचें भय तुम्हांस पुसून टाकतां येणार नाहीं, पण नदीच्या कांठीं तिच्या बाजूनें उभें राहतां येईल.

ज्यानें मरीयेची काळजी, हागारेचें रडणें व योखबेदेच्या हातांचें डांबर पाहिलें, तो आकाशांतील पिता ह्या शाळेच्या प्रत्येक मुलाच्या मातेस आजच्या दिवसापुरतें बळ, रात्रीं झोंप, आणि जवळ कोणी तरी आपलें माणूस देवो.